घर मोकळं : ६.२०

१

माणूस मेला तर पोलीस येतात, शेजारी येतात, न बोलावलेले नातेवाईकही येतात. सिनेमा मेला तर फक्त फोन येतात, आणि प्रत्येक जण एकच विचारतो : "बॅकअप नव्हता का?"

त्या शुक्रवारी सकाळी साडेदहापर्यंत मला हा प्रश्न चौघांनी विचारला होता. पाचव्याचा फोन मी उचललाच नाही.

बॅकअप होता. आणि तो चोरीला गेला होता.

आमचा सिनेमा सोळा दिवसांत चित्रित झाला आणि दीड वर्ष संकलनात होता. असल्या सिनेमाला 'स्वतंत्र सिनेमा' म्हणतात. स्वतंत्र म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही. मी त्याचा संवादलेखक. शिवाय एका प्रसंगात मी छत्री धरून उभा आहे, पाठमोरा. गोष्ट एका म्हाताऱ्या लिफ्टमनची. लिफ्ट आपोआप चालायला लागते, त्याला घरी पाठवतात, आणि त्याला घरात बसता येत नाही. लिफ्टमनचं काम केलं होतं दिग्दर्शिकेच्या वडिलांनी. आम्ही त्यांना काका म्हणायचो. शूटिंग संपल्यावर दोन महिन्यांनी काका गेले. त्यामुळे आमच्या सिनेमाला 'पुन्हा एकदा घेऊ' हा पर्याय राहिला नव्हता.

आता सिनेमा होता दोन डिस्कवर. रोज शूटिंग संपलं की कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावायचं, एक प्रत एक नंबरच्या डिस्कवर, एक प्रत दोन नंबरवर, मग कार्ड पुसून दुसऱ्या दिवसासाठी रिकामं करायचं. आमच्या लॅपटॉपची डिस्क जोडायची एकच खोबणी धड होती, म्हणून प्रती एकामागून एक व्हायच्या, प्रत्येकी चाळीस मिनिटं. एक नंबर संकलकाकडे राहायची, दोन नंबर कॅमेरावाल्या दादाकडे. दोन प्रती, दोन घरं. डिस्कवर कागदाच्या चिठ्ठ्या होत्या, वर आकडे. चौथ्या दिवशी निर्मात्याने दोन नंबरवर कॉफी सांडली आणि चिठ्ठीवरचा २ पसरून फुगलेल्या बदकासारखा झाला. त्यावर तो आठवडाभर हसत होता. इतर कशावर हसावं असं आमच्याकडे फारसं घडत नसे.

संकलन नेहमीप्रमाणे हलक्या प्रतींवर चाललं होतं : चित्र लहानसं, खाली पळणारे आकडे. शेवटी मूळ मोठ्या चित्रांवर तेच काप लावायचे. तो शेवट गुरुवारी आला. एका महोत्सवाने सिनेमा निवडला होता आणि पूर्ण आकाराची प्रत सोमवारी मागितली होती. संकलकाने दीड वर्षाने एक नंबर जोडली. तिने टक-टक-टक असा आवाज केला आणि डोळे मिटले. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं. आतला पत्रा खरवडला गेला होता. त्याने हात जोडले.

"असू दे, दोन नंबर आहे ना," आम्ही म्हणालो, आणि गुरुवारी संध्याकाळी दादा ती घेऊन आला. सर्वांसमोर पिशवीतून काढून दाखवली. संकलक लगेच जोडायला निघाला तर दादा म्हणाला, "अरे, दीड वर्ष पडून आहे ती. प्रवासातून आल्ये. रात्रभर खोलीच्या हवेला बसू दे. सकाळी जोड." एक नंबरचं ताजं मढं समोर होतं, त्यामुळे हा सल्ला वैद्यकीय वाटला. डिस्क पिशवीत गेली, पिशवी लोखंडी कपाटात.

सकाळी कपाट उघडलं तेव्हा पिशवी होती. आत काही नव्हतं.

२

संकलनाची खोली म्हणजे निर्मात्याच्या टाइल्सच्या दुकानाचा पोटमाळा. निर्माता हा दिग्दर्शिकेचा मामेभाऊ. मी पोहोचलो तेव्हा ती त्याच्यासमोर उभी होती आणि तिचा आवाज खाली रस्त्यावर ऐकू जात होता.

"तूच बोलला होतास ना, हा सिनेमा कसा दिसतो तेच बघतो म्हणून?"

"रागात बोललो होतो गं! माझं गाणं कापलंस तू."

"लिफ्टमनच्या सिनेमात तू झगमगीत कोट घालून नाचत होतास!"

"ते स्वप्नदृश्य होतं!"

"माझ्या बापाला तू दुसऱ्यांदा मारलंस," ती म्हणाली आणि खाली बसली. दादा तिच्याजवळ गेला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सावर स्वतःला. असतात अशी माणसं." निर्मात्याकडे त्याने पाहिलं नाही. ही गोष्ट मी तेव्हा सभ्यपणा समजलो.

तेवढ्यात जिना चढून आत्या आली.

आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण. दिग्दर्शिकेची आत्या, म्हणून सगळ्यांचीच. तिने चौतीस वर्षं परीक्षा मंडळाच्या फेरतपासणी विभागात काढली. दुसऱ्याने केलेली बेरीज पुन्हा करायची, हेच काम. आमच्याकडे ती कंटिन्युइटी बघायची. म्हणजे पहिल्या शॉटमध्ये कप डाव्या हातात असेल तर दुसऱ्यात उजव्या हातात जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी ती सतत फोनवर फोटो काढायची आणि लांबट वहीत नोंदी करायची. शूटिंगही बहुतेक तिच्याच दोन खोल्यांच्या घरात झालं होतं.

"रडून झालं असेल," आत्या भाचीला म्हणाली, "तर पोलिसांकडे जायच्या आधी मला दुपारपर्यंतचा वेळ दे. मामाच्या पोरावर तक्रार केलीस की ती मागे घेता येते, तोंडातून गेलेलं नाही घेता येत."

मग तिने मला फोनमधला एक फोटो दाखवला. सवयीने काढलेला, काल संध्याकाळचा. दादा डिस्क हातात धरून उभा, हसतमुख, पदवी मिळाल्यासारखा. जॅकेटच्या खिशातून काळी वायर उंदराच्या शेपटीसारखी लोंबत होती. डिस्कवरची चिठ्ठी, तिच्यावरचा ठळक २. मागे संकलकाची जांभई आणि निर्मात्याचा अर्धा कान.

"काय दिसतं?"

"काही नाही. सगळं नेहमीसारखं."

"तू लेखक आहेस," आत्या म्हणाली. हे तिने कौतुकाने म्हटलं नव्हतं.

३

एकट्याने बोलायला त्या दुकानात एकच जागा होती : खालचं नमुन्याचं न्हाणीघर. तीन बाजूंनी भिंती, महागड्या टाइल्स, नळाला पाणी नाही. आत्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसली. समोरच्याला बसायला झाकण लावलेला कमोड. मी दारात.

निर्माता पहिला. स्वतःच्या दुकानातल्या कमोडवर आरोपी म्हणून बसताना माणसाचा तोरा थोडा उतरतो.

"सकाळी कधी आलास?"

"दहाला. सगळ्यांबरोबर."

"शटरवाल्याला विचारू?"

त्याने बिनपाण्याचा नळ फिरवून पाहिला. मग म्हणाला, "आठला आलो होतो. कपाट उघडलं होतं. पण मी गाणं घ्यायला आलो होतो आत्या, सिनेमा नाही! माझ्या गाण्याची मूळ चित्रं त्या डिस्कवर आहेत. तेवढी उतरवून परत ठेवणार होतो."

"आणि?"

"पिशवी रिकामी होती."

"मग ओरडला का नाहीस?"

"ओरडलो असतो तर आठ वाजता तू इथे काय करत होतास, हे पहिलं विचारलं असतंत. तुम्हीच!"

"विचारलंच असतं," आत्याने मान्य केलं. "जा. आणि ते गाणं कोणी चोरणार नाही, निश्चिंत राहा."

म्हणजे आठच्या आत. पण चावी? कपाटाची चावी याच न्हाणीघरात, साबणदाणीत असायची, आणि ते आम्हा सर्वांना ठाऊक होतं. कुलूप आमच्याकडे शोभेला होतं.

संकलक आला तो भांडायच्या तयारीनेच. "माझ्यावर संशय घ्या. काका चार मिनिटं खिडकीशी नुसते बसलेत, तो शॉट मी कापा म्हणत होतो. कापला नाही. झालं, कारण मिळालं तुम्हाला. एक नंबर पण माझ्याच हातात मेली."

"डिस्क टक-टक करते त्यात तुझा काय दोष? काल शेवटी कुलूप कोणी लावलं?"

"मीच. सात वाजता."

"आणि कुलूप लावायच्या आधी खोलीत एकटं कोण होतं?"

"कोणीच नाही. म्हणजे… सगळे उतरलो, मी खाली चहा घेत होतो. दादाचा चार्जर वर राहिला होता, तो वर जाऊन आला. दोन मिनिटं. मग मी वर जाऊन कपाटाला कुलूप लावलं, खोली बंद केली. पण दादा काय, त्याने तर स्वतः आणून दिली!"

"हो ना," आत्या म्हणाली. "स्वतः आणून दिली."

ध्वनिमुद्रकाला आम्ही 'कान' म्हणायचो. तो कमोडवर बसून आधी न्हाणीघर कसं घुमतं ते टिचकी वाजवून पाहत बसला.

"मला कशाला बोलावलंत? मला कोणी काही विचारत नाही. सोळा दिवस विचारलं नाही."

"तुझे आवाज कुठे आहेत?"

"घरी. तीन प्रती."

"तीन? सर्वांच्या दोन आणि तुझ्या तीन?"

"एक माझी, एक तुमची आणि एक तुम्ही तुमची हरवाल म्हणून." त्याने पुन्हा एक टिचकी वाजवली. "सगळं आहे. शांतता सोडून. ती काकांनी एकदाही नीट घेऊ दिली नाही."

हे मला आठवत होतं. प्रत्येक खोलीत शूटिंग झालं की कान सर्वांना पुतळ्यासारखं उभं करून एक मिनिट नुसती खोलीची शांतता मुद्रित करायचा. संवादांच्या मधल्या फटी बुजवायला ती लागते. आणि प्रत्येक वेळी पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास काका विचारायचे, "झालं का रे? बोलू का आता?" मग कान कपाळावर हात मारायचा आणि शांतता पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी दादा. त्याचे डोळे लाल होते. आल्या आल्या त्याने आत्याचे हात धरले.

"आत्या, पोटच्या पोरासारखी जपली हो ती डिस्क."

"जपणारच तू. काल चार्जर मिळाला का वर?"

"अं? हो. टेबलावरच होता."

"बरं झालं. हरवतात फार." आत्या उठली. "मला एवढंच विचारायचं होतं."

दादा गेल्यावर ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर कधी पाहिला नव्हता, पण असाच असणार.

"घरी जा आणि माझी वही आण. डावीकडच्या पानांना हात लावू नकोस, तिथे कप आणि बटणं आहेत. मला उजवीकडची पानं हवीत."

"उजवीकडे काय आहे?"

"माझा वैताग," आत्या म्हणाली.

४

दुपारी एक वाजता सगळे पोटमाळ्यावर जमले. दिग्दर्शिकेच्या मांडीवर तक्रारीचा अर्ज होता, अर्धा लिहिलेला. 'संशयित' या शब्दापुढे तिने मामेभावाचं नाव अजून घातलं नव्हतं. पेन तिथेच टेकलेलं होतं.

"ते पेन उचल," आत्या म्हणाली. "काल रात्री तुझा सिनेमा चोरीला गेला नाही. कपाटात सिनेमा नव्हताच."

खाली कोणीतरी टाइल्स वाजवून बघत होतं.

आत्याने फोन फिरवला. "हा कालचा फोटो. चिठ्ठीवरचा आकडा वाचा."

"दोन," निर्माता म्हणाला. मग त्याने फोन हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. "पण… बदक कुठे गेलं?"

मला स्वतःची लाज वाटली. त्या बदकावर मीही हसलो होतो.

"तू कॉफी सांडलीस ती डिस्क ही नाही. ही दुसरीच डिस्क, नवी चिठ्ठी लावलेली. चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या, माझ्या अक्षराची नक्कलही बरी केली आहे. आता दादाचा खिसा बघा. ही वायर कसली?"

संकलक पुढे वाकला. "चार्जरची." आणि मग हळूच, "पण चार्जर तर वर राहिला होता."

"वर काहीच राहिलं नव्हतं. तो डिस्क परत घ्यायला गेला होता. ती सकाळी तू जोडली असतीस तर सगळं दिसलं असतं. म्हणून आधी तिला रात्रभर हवा खायला बसवलं आणि मग पळवलं. बाकी तुम्हा सगळ्यांना ती जोडली जायलाच हवी होती. निर्मात्याला गाण्यापुरती का होईना. ती जोडली जाऊ नये असं वाटणारा माणूस फक्त आणणाराच."

"आत्या, काहीतरी गैरसमज—" दादा म्हणाला.

"माझी वही पुरी होऊ दे." तिने उजवीकडचं पान उघडलं. "वरच्या मजल्यावर पावणेसहाला कराटेचा क्लास सुरू व्हायचा, म्हणून रोज पाच चाळीसला काम थांबायचं. मग तुझं प्रती काढणं. तुम्ही माझ्या घरातून कधी टळता आणि मला माझ्या पलंगावर आडवं कधी पडता येतं, ते मी रोज लिहायची. पहिला दिवस, घर मोकळं सात. दुसरा, सात पाच. आठव्यापर्यंत हेच. म्हणजे ऐंशी मिनिटं, दोन प्रती. नववा दिवस : घर मोकळं सहा वीस. दहावा : सहा वीस. सोळाव्यापर्यंत सहा वीस." तिने वही मिटली. "पाच चाळीस ते सहा वीस. चाळीस मिनिटांत एकच प्रत होते, दादा. मला तेव्हा कळलं नाही. मी खूश झाले. मला वाटलं, पोरं कामाला सरावली."

दादा भिंतीला टेकून खाली बसला. आमच्याकडे न बघता, समोरच्या टाइल्सच्या नमुन्याला त्याने सांगितलं.

"नवव्या दिवशी सकाळी एका लग्नाचं काम आलं. दोन दिवसांचं, संध्याकाळचं. माझ्याकडे जागाच नव्हती. दोन नंबरवरचं पुसलं. म्हटलं, एक नंबरवर आहेच की सगळं. लग्न दिलं की परत कॉपी करून टाकू. मग दुसरं लग्न आलं, आणि त्यांनी डिस्कच ठेवून घेतली."

"परत कॉपी करणार होतास," संकलक म्हणाला.

"खरंच करणार होतो रे."

आमच्या या काळातल्या सगळ्या गुन्ह्यांचा कबुलीजबाब एवढाच असतो : करणार होतो. कोणी कोणाचा गळा दाबत नाही. एक खिडकी उघडते, 'पुसायचं का?' असं विचारते, आणि एक भला माणूस 'हो' म्हणतो, कारण दुसरीकडे प्रत आहे. सगळे त्या दुसरीकडच्या प्रतीच्या जिवावर पुसत असतात. एका म्हाताऱ्याने गुडघे दुखत असताना सोळा दिवस जे केलं, त्याच्या जागी आता कुठल्यातरी नवरदेवाचे सात मामा ओळीने उभे राहून केक खात होते, आणि तेही आता कोणी बघत नसणार.

निर्माता उठला. मला वाटलं, मारतो. पण तो नुसता बोट रोखून उभा राहिला. "मला सकाळपासून चोर म्हणतायत. तू इथे होतास. तू तिच्या पाठीवर हात ठेवलास! 'असतात अशी माणसं' म्हणालास!"

"घाबरलो होतो."

"चूक झाली याचा मला राग नाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कान नकळत एक पाऊल मागे सरकला. "चौतीस वर्षं मी चुकाच मोजल्या. माझा भाऊ गेला तेव्हा तू घरच्यांपेक्षा जास्त रडलास. मी तुला पाणी आणून दिलं होतं. मला वाटलं, किती जीव होता पोराचा. तू त्याच्यासाठी रडत नव्हतास. तो जिवंत होता तोवर ते पुन्हा चित्रित करता आलं असतं. त्या दिवशी तुला कळलं की आता येणार नाही. त्या दिवशी बोलला असतास, तर एक नंबरच्या आणखी दहा प्रती काढल्या असत्या आम्ही. दीड वर्ष, दादा. तोंड उघडायला चाळीस मिनिटं लागत नाहीत."

दादाने तोंड झाकलं. या वेळी त्याला पाणी द्यायला कोणी उठलं नाही.

५

दिग्दर्शिकेने अर्ज फाडला. मग मामेभावासमोर जाऊन उभी राहिली. "मी काय काय बोलले तुला."

"बोललीस खरं," तो म्हणाला. "गाणं घेतेस का परत?"

"नाही."

"विचारून बघितलं."

मग तिने संकलकाला विचारलं, "आपल्याकडे आता आहे काय?"

"हलक्या प्रती. चित्र एवढंसं, खाली आकडे पळतायत. मोठं केलं तर काकांच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. महोत्सववाले घेणार नाहीत."

"आणि आवाज?"

सगळे कानाकडे वळले. सोळा दिवसांत कोणी वळलं नव्हतं.

"आवाज पूर्ण आहे," तो म्हणाला. "मोठ्या थिएटरात लावा, लिफ्टची साखळी मानेमागून जाईल."

"मग मोठं करायचंच नाही," ती म्हणाली. "पडदा काळा ठेवायचा. मध्ये एवढंसं चित्र, आकड्यांसकट. आवाज मात्र थिएटरभर. घेतील तर घेतील. नाही तर आत्याच्या घरात दाखवू, कराटे सुटल्यावर."

"आणि पाट्या?" मी विचारलं. सिनेमात शेवटी काय, पाट्यांवरूनच भांडणं. "छायाचित्रणाला कोणाचं नाव?"

"त्याचंच. त्यानेच केलंय." तिने दादाकडे पाहिलं नाही. "त्याच्याखाली एक ओळ घाल. 'प्रतींची जपणूक'. आणि पुढे काही लिहू नकोस. रिकामं सोड."

दादा जिना उतरून गेला. जाताना तिसऱ्या पायरीवर थांबला, जणू काही विसरलं होतं. पण वर आला नाही.

संकलकाने तो चार मिनिटांचा शॉट लावला, तो कापा म्हणत होता तो. काडेपेटीएवढे काका, खिडकीशी. खाली आकडे धावत होते. कानाने आपल्या पिशवीतून स्वतःची डिस्क काढली, जोडली आणि म्हणाला, "याच्याखाली त्या खोलीची शांतता लागेल. धड एकही नाही. बघा, यातली कुठली चालते."

त्याने सुरू केलं. आधी काहीच नाही. मग आत्याच्या घरातल्या फ्रिजची घरघर, वर कराटेवाल्यांच्या आधी येऊन पोचलेलं एखादं पाऊल, आणि जवळच, अगदी माइकपाशी, एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास. आम्ही पुतळ्यासारखे उभे राहिलो. तेव्हा राहायचो तसेच. चाळीस सेकंद. एकेचाळीस. बेचाळीस.

"झालं का रे?" काकांनी विचारलं. "बोलू का आता?"

कानाने नेहमीसारखा कपाळावर हात मारला नाही.

"बोल," आत्या म्हणाली.